कालचा दिवस सांग

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रिकाम्या वर्गाला शिकवत होत्या.

श्रीगोंद्यातलं एक ज्युनियर कॉलेज, रविवारची सकाळ. व्हरांड्यात कुणाच्या तरी शेळ्या सावलीला बसलेल्या आणि आतून बाईंचा खणखणीत आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो. एकाही बाकावर माणूस नव्हतं. वर्ग गच्च भरलाय अशा थाटात बाई राज्यपालांचे अधिकार समजावत होत्या आणि मध्येच डावीकडच्या बाकांकडे बघून ‘कळलं का’ असं विचारत होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मी मागे जाऊन बसलो. तास संपल्यावर म्हणालो, सुरुवातीचा भाग माझा बुडाला, तो परत सांगाल का.

“सांगितला मी,” बाई म्हणाल्या. “तू नव्हतास.”

रात्रपाळी संपवून, अंगाला चिकटलेला मळीचा वास तसाच घेऊन मी सायकल हाणत आलो होतो. परत जाताना मनातल्या मनात मी बाईंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंबद्दल मला प्रेम होतं की नाही हे अजूनही नीट सांगता येत नाही. राग मात्र भरपूर होता, आणि बराचसा अजून आहे.

तेव्हा मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. लॅबमध्ये म्हणजे नमुने आणण्याच्या कामावर. गाळप सुरू झालं की दर थोड्या वेळाने मिलमधून रसाचा नमुना आणायचा आणि केमिस्टच्या टेबलावर ठेवायचा. बारावीनंतर कॉलेज सुटलं होतं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात मुक्त विद्यापीठाचं नाव ऐकू यायला लागलं, तेव्हा मी बी.ए.ला नाव घातलं. घरी पोस्टाने पुस्तकांचं पार्सल आलं. घरात सगळ्यांनी ती पुस्तकं हाताळून पाहिली, वास घेऊन पाहिला. मग ती कपाटावर गेली. वर्गात जायचं नाही, हजेरी नाही, कुणी विचारणारं नाही, हे मला सुरुवातीला फार सोयीचं वाटलं होतं. पहिल्याच वर्षी दोन विषय गेले. काय चुकलं हे विचारायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं नसतं. दर रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असतात हे मला नापास झाल्यावर कळलं.

बाई नगरहून यायच्या. आठवडाभर तिकडच्या एका शाळेत शिकवायच्या आणि रविवारी पहिल्या एस.टी.ने श्रीगोंद्याला. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. अंगावर सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. स्टँडपासून कॉलेजपर्यंत त्या इतक्या झपझप चालायच्या की ओळखीची माणसंसुद्धा नमस्कार करायच्या आत मागे पडायची. वर्गात आल्या की आधी पंखा बंद करायच्या. मार्चमध्ये, एप्रिलमध्येसुद्धा. पंख्याने झोप येते म्हणायच्या. आम्ही घामाने निथळत बसायचो. कुणाच्या हातात गाईड दिसलं तर ते काढून घ्यायच्या, आपल्या खुर्चीवर ठेवायच्या आणि तास संपेपर्यंत त्यावर बसायच्या. जाताना परत द्यायच्या. ते गाईड घरी नेऊन पुन्हा उघडायची इच्छा होत नसे.

त्या शिकवायला येत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे, वाचता तुम्हाला येतं, मग मी कशाला पाहिजे? मी फक्त तुमचं कुठे अडलंय ते ऐकायला येते. त्यामुळे प्रत्येकाने येताना काहीतरी अडलेलं घेऊन यायचं. जो म्हणेल की सगळं समजलं, त्याला त्या व्हरांड्यात पाठवायच्या, काही अडेपर्यंत तिथंच पुस्तक वाचत थांब म्हणायच्या. एक पोलीस शिपाई आमच्याबरोबर होता, दांडगा गडी. त्याने दोन रविवार शेळ्यांच्या शेजारी काढले, पण अडलं म्हणून कबूल केलं नाही. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. वर्दीतला माणूस चार लोकांसमोर ‘मला येत नाही’ कसं म्हणेल, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

आणि कुणी म्हणालं की अभ्यासाला वेळ मिळाला नाही, तर बाई त्याला उभं करायच्या.

“कालचा दिवस सांग,” म्हणायच्या. “उठल्यापासून झोपेपर्यंत.”

माझी पाळी लवकरच आली. मी सांगायला लागलो. उठलो, पाणी भरलं, जेवलो, कारखान्यात गेलो, सुटलो. बाई मध्येच म्हणाल्या, पाळी सुटली आणि घरी पोचलास याच्यामध्ये काय झालं? मी म्हणालो, चौकात होतो जरा. कुठे? टपरीवर. किती वेळ? वर्गात हसू पसरलं. मला कानशिलं गरम झालेली कळत होती. त्या टपरीवरचा वेळ हा माझ्या दिवसातला एकच असा वेळ होता जेव्हा मला कुणी हाक मारून कामाला लावत नसे. तो बाई सगळ्यांसमोर काढून मोजत होत्या.

“मी तो वेळ सोड म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त ‘वेळ नाही’ म्हणू नकोस. ‘माझा वेळ टपरीवर आहे’ असं म्हण.”

पुढे महिनाभर टपरीवर गेलो की मला ते वाक्य ऐकू यायचं. तंबाखू बेचव लागायची. शेवटी वैतागून मी तिथलं थांबणं निम्मं केलं. लॅबमध्ये दोन नमुन्यांच्या मधे रिकामा वेळ असतो हेही तेव्हाच लक्षात आलं. मिलच्या आवाजात वाचलेलं डोक्यात राहत नाही असं मी समजत होतो. राहतं. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे घडलं याचाही मला रागच आला.

पण त्यांचं हे दिवस विचारणं एकदा फसलं. सुमनताई म्हणून आमच्याबरोबर होत्या. श्रीगोंद्यापासून थोड्या आतल्या वस्तीवर त्यांचं घर होतं, शेती बागायती, माणसं खाऊनपिऊन सुखी. त्या कधीच अभ्यास करून येत नसत. त्यांना बाईंनी उभं केलं. सुमनताई मान खाली घालून सांगत गेल्या. पहाटे उठून गोठा, धारा, पाणी, न्याहारी, पोरांची शाळा, रानात खुरपणी, दुपारी परत स्वयंपाक, शनिवार म्हणून भाजीच्या जुड्या बांधून काष्टीच्या बाजारात बसायचं, संध्याकाळी पुन्हा धारा. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, यादी वाचावी तसं त्या सांगत होत्या. बाई बोट ठेवायला जागा शोधत होत्या आणि त्यांना ती सापडत नव्हती. वर्गात कुणी हसलं नाही. सुमनताई खाली बसल्या आणि बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, हिची वस्ती तुला माहीत आहे का?

पुढच्या रविवारी तास संपल्यावर मी बाईंना सायकलच्या कॅरिअरवर बसवून वस्तीवर नेलं. त्या काय करणार आहेत हे त्यांनी सांगितलं नव्हतं. सुमनताई नुकत्याच घरी पोचल्या होत्या, आम्हाला बघून घाबरल्याच. नवरा बाजेवर बसला होता, सासू ओट्यावर शेंगा फोडत होती. बाई सरळ सासूशेजारी जाऊन बसल्या, मूठभर शेंगा हातात घेतल्या आणि फोडता फोडता म्हणाल्या, आजी, तुमचा कालचा दिवस कसा गेला?

म्हातारी आधी हसली. तिला वाटलं, ही बाई थट्टा करतेय. मग सांगायला लागली आणि थांबेचना. कालचा दिवस सांगता सांगता ती सून असतानाच्या दिवसांवर गेली. तिचा सासरा कसा होता, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी रानात गेली, सगळं. सुमनताई चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते याआधी ऐकलेलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाईंनी इथं थांबायला हवं होतं. त्या थांबल्या नाहीत. बाजेकडे वळून म्हणाल्या, आता तुमचा सांगा.

नवऱ्याने सकाळी मोटार चालू केली, पिकाला पाणी द्यायला दारं धरली, इथपर्यंत सांगितलं. मग जरा पडलो होतो म्हणाला. मग चावडीवर गेल्तो. मग परत जरा पडलो. हे ऐकून म्हातारीला हसू फुटलं. पदर तोंडावर घेऊन ती हसत राहिली आणि त्या हसण्याने सगळं बिघडलं. नवरा उठला. मला म्हणाला, यांना फाट्यावर नेऊन सोड. सुमनताईंकडे न बघता म्हणाला, “उद्यापास्नं तुझं कॉलेज बंद.”

परतीच्या रस्त्यावर मी सायकल हातात धरून चालत होतो. मी बाईंना म्हणालो, तुम्ही हे काय केलंत? तुम्ही एस.टी.त बसून नगरला जाल. सुमनताईंना त्या घरात राहायचंय. बाई नुसत्या चालत राहिल्या. चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधीच ऐकला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. भाज्यांच्या रांगेत सुमनताई मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, दुमडलेल्या पोत्यावर, कॅनव्हासचे बूट बाजूला काढून ठेवून बाई बसल्या होत्या. शनिवारी त्यांची सकाळची शाळा असायची. ती सुटल्यावर त्या थेट बाजारात आल्या होत्या. विधान परिषदेवर कोण निवडून जातं हे त्या सांगत होत्या. मध्येच गिऱ्हाईक यायचं, सुमनताई भाव सांगायच्या, घासाघीस व्हायची, जुडी जायची, आणि बाई जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू. शेजारच्या वांगीवाल्याने विचारलं की ह्या कोण, तर सुमनताई म्हणाल्या, मावशी हायेत माझ्या. नवरा बैलबाजारातून चक्कर मारून गेला. त्याने पाहिलं. एवढ्या लोकांत त्याला काही बोलता येईना. ज्या दिवशी बायको कमावून आणते त्या दिवशी तिला घरी बसवणं त्याला परवडणारंही नव्हतं. पुढे जवळजवळ वर्षभर बाई शनिवारी काष्टीला आणि रविवारी श्रीगोंद्याला आल्या. सुमनताई पदवीला माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास झाल्या, हे इथेच सांगून टाकतो.

माझं आणि बाईंचं खरं वाजलं ते दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी. त्या साली ऊस उदंड होता, हंगाम लांबला आणि परीक्षा आली तरी गाळप चालूच राहिलं. माझी पाळी सकाळची, पेपरही सकाळचा. मी बाईंना म्हणालो, या वर्षी बसत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्या म्हणाल्या, पाळी बदलून मागितलीस का? मी म्हणालो, नाही. का नाही? मी वही पिशवीत भरायला लागलो. त्यांनी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा तोल गेला.

मी त्यांना म्हणालो, “बाई, तुम्हाला मागायला काय जातं? तुम्ही कुठल्याही ऑफिसात गेलात तर लोक आधी आडनाव ऐकतात आणि मग खुर्ची देतात. आमचं आडनाव ऐकून काय देतात ते तुम्हाला माहीत नाही. माझा आजा गावात दारोदार भाकरी मागत फिरला. माझ्या बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ठरवलं की आता या घरातला हात कुणापुढे पसरायचा नाही. आणि तुम्ही दर रविवारी आम्हाला मागायला लावता.”

वर्ग संपला होता. दोनचार जण दारात घुटमळत होते. बाईंनी त्यांना जायला सांगितलं. मग म्हणाल्या, मला तुझ्या वडिलांना भेटायचंय. मी म्हणालो, काही गरज नाही. त्या आल्याच.

बाबा कारखान्याच्या ऊस यार्डात काम करायचे. त्यांनी सतरंजी अंथरली, आईने चहा ठेवला. बाई म्हणाल्या, मी चहा घेत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरी येऊन चहा नाकारणारी माणसं मी लहानपणापासून बघत होतो. कॉलेजमध्येही त्या कुणाचा चहा घेत नसत हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी ते आठवून काही उपयोग नव्हता. बाबांनी माठातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी तांब्या उचलला आणि वरून न पिता तोंडाला लावून सगळं पाणी संपवलं. मग मी वर्गात जे बोललो होतो ते त्यांनी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. माझी बाजू घेतली नाही आणि आपलीही मांडली नाही. एवढंच म्हणाल्या की याला मागायला लावण्यात माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगा.

बाबा सतरंजीचा दोरा ओढत होते. मग माझ्याकडे बघून बोलले.

“भाकर मागायची न्हाई म्हनलो हुतो म्या. ते खरं हाय. पर मास्तरच्या दारात जाऊन बसायचो मी, अक्षर शिकवा म्हनून. दारू पिऊन झोपलेल्या मास्तरला उठवलंय म्या. ते काय हुतं? तुला सायेबाचं भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हन. माज्या नावावर खपवू नगं.”

बाबा चिडले की आवाज चढवत नसत, खाली आणत. त्या दिवशी तो इतका खाली होता की आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. बाई उठल्या, बाबांना नमस्कार केला आणि गेल्या. मला दोघांचाही राग आला होता. आजही मला वाटतं की भीती होती हे खरं, पण तिला कारण होतं, आणि ते कारण त्या दोघांनीही फार पटकन बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमचे मुख्य केमिस्ट. लॅबमध्ये सगळे होते. मी म्हणालो, परीक्षेपुरती पाळी बदलून हवी. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, तुम्हा लोकांना कशाला रे परीक्षा पाहिजे, तुमचं तर तसंही होतं. सगळे हसले. मला अपेक्षित होतं तेच झालं होतं. मी जायला वळलो आणि परत फिरलो. मी तेच वाक्य परत म्हणालो, परीक्षेपुरती पाळी बदलून हवी. या वेळी हसू थोडं कमी झालं. साहेब म्हणाले, जमणार नाही. मी बाहेर आलो. दुसऱ्या पाळीला माझंच काम करणारे दगडूभाऊ हात पुसत मागून आले. वयाने मोठे, फटकळ माणूस, माझ्याशी कधी धड बोललेले नव्हते. मी त्यांना विचारणार नव्हतो. पण एकदा तोंड उघडल्यावर ते मिटायच्या आत मी त्यांनाही विचारून टाकलं. आपसात पाळी बदलायला साहेबांची सही लागत नसे.

“घे की,” दगडूभाऊ म्हणाले. “जत्रंच्या टायमाला माझी तू धर.”

रविवारी हे मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, निदान बरं केलंस म्हणतील. त्यांनी विचारलं, साहेबांना दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा का नाही?

तिसऱ्या वर्षी, परीक्षा जवळ आली असताना, एका रविवारी आम्ही गेलो तर वर्गात पंखा चालू होता आणि खुर्चीवर एक तरुण सर बसून गाईडमधली उत्तरं लिहून देत होते. बाई आता येणार नाहीत, एवढंच ते म्हणाले. केंद्रप्रमुखांना गाठलं तर त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग कळलं की एका प्रतिष्ठित शेतकऱ्याची तक्रार होती. बाई लोकांच्या घरात शिरतात, माणसामाणसांत लावून देतात, बाजारात पोत्यावर बसून कॉलेजची अब्रू घालवतात. शेतकरी कोण हे विचारायची गरज नव्हती. बाईंना पत्र गेलं होतं आणि त्यांनी उलट एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मी आणि सुमनताई नगरला गेलो. सुमनताईंनी घरी सरळ सांगितलं होतं की बाईंकडे चाललेय. नवरा गप्प बसला आणि सासूने पिशवीत भाकरी बांधून दिली, असं त्या एस.टी.त सांगत होत्या. सावेडीत नव्याने उठलेल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर बाईंचा फ्लॅट होता. दार उघडून आम्हाला बघितल्या बघितल्या त्या म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही इथे काय करताय? आम्ही आत गेलो. घरात दुसरं कुणी राहत असल्याचं दिसत नव्हतं. आम्ही म्हणालो, तुम्ही परत या, त्यासाठी आम्ही सगळे मिळून केंद्रप्रमुखांकडे जातो. बाईंचा चेहरा एकदम कडक झाला.

“माझ्यासाठी कुणाकडे जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी सांगतेय. जायचं नाही.”

मी तेव्हा किती मोठ्याने बोललो ते मला नंतर सुमनताईंनी सांगितलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर येऊन बघून गेली म्हणे. मी म्हणालो, दोन वर्षं तुम्ही आम्हाला प्रत्येकाच्या दारात पाठवलंत. माझा पाणउतारा झाला, यांचं शिक्षण बंद व्हायची वेळ आली. आणि तुमच्यावर आली तर जायचं नाही? मग हे सगळं आमच्यापुरतंच होतं का?

बाई खुर्चीवर बसल्या. नेहमीच्या आवाजापेक्षा फार वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “मला मागता येत नाही रे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यातच सांगितलं. तरुणपणी त्यांनी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा माहेर त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे होतं. आई-वडील स्वतःहून बोलावतील म्हणून त्या एका मैत्रिणीच्या खोलीवर वाट बघत राहिल्या. तिकडे आई, ही येईल म्हणून रोज एक ताट जास्तीचं वाढायची. हे त्यांना आई गेल्यावर भावाकडून कळलं. दार वाजवून ‘मला राहू द्या’ एवढं म्हणायचं होतं, ते त्या म्हणाल्या नाहीत. आणि तेव्हा म्हणाल्या नाहीत म्हणून आता जमतं असंही नाही, असं काहीतरी बोलून त्यांनी विषय तोडला. सुमनताई रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. माझा राग उतरलेला नव्हता, फक्त आता तो नक्की कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

त्यांनी नको म्हटलं तरी आम्ही केंद्रप्रमुखांकडे गेलो. सगळा वर्ग गेला. बोलल्या त्या सुमनताई. तक्रार माझ्या मालकांनी केली, त्या म्हणाल्या, आणि बाई माझ्या घरी आल्या हे बरं झालं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. केंद्रप्रमुख इकडे तिकडे बघायला लागले. ज्या घराची तक्रार त्या घरातलीच बाई उभी राहून असं म्हणते म्हटल्यावर तक्रारीत काही उरलं नाही. त्यांनी बाईंना निरोप धाडला की पुढच्या रविवारपासून या.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे वेळेच्या आधी हजर होतो. कुणीतरी पंखाही बंद करून ठेवला होता. बाई आल्या नाहीत. तास बराच उलटून गेला, लोक एकेक करून उठायला लागले. मी इतका संतापलो की सायकल कॉलेजमध्येच टाकली आणि मिळेल त्या एस.टी.ने नगर गाठलं. आज सावेडीला जाऊन सगळं शेवटचं बोलून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

माळीवाडा स्टँडवर उतरलो आणि समोरच्या बाकावर बाई बसलेल्या दिसल्या. मांडीवर पिशवी, पायात बूट, पाठ ताठ. मधल्या काळात त्यांची नेहमीची गाडी बंद झाली होती आणि श्रीगोंद्याच्या गाड्या दुसऱ्या फलाटावरून सुटायला लागल्या होत्या. फळ्यावर जुनंच लिहिलेलं होतं. कर्ण्यावरून पुकारत होते, पण त्यातलं कुणालाच काही कळत नसे. चौकशीची खिडकी बाकापासून हाकेच्या अंतरावर होती. बाई सकाळपासून तिथे बसल्या होत्या. दोनदा खिडकीपर्यंत जाऊन रांग बघून परत आल्या होत्या, असं मला नंतर कळलं.

मी काही न बोलता खिडकीवर गेलो, गाडी विचारली, परत आलो, त्यांची पिशवी उचलली आणि पुढे चालायला लागलो. त्या मागून आल्या. गाडीत बसल्यावर मात्र मी गप्प राहिलो नाही. पहिल्या दिवसाच्या ‘तू नव्हतास’पासून सगळं बोललो. टपरीवरून झालेलं हसं, शेळ्यांत उभा केलेला पोलीस, साहेबांच्या तोंडून ऐकलेलं, सगळं. तुम्हाला एक गाडी विचारता येत नाही आणि तुम्ही आम्हाला काय काय विचारायला लावलंत, म्हणालो. शेजारचे प्रवासी वळून बघत होते. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. एकदाही त्यांनी मला अडवलं नाही.

कोळगाव मागे पडलं. माझं बोलणं संपलं होतं. मग त्या माझ्याकडे न बघता, अडखळत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “पुढच्या रविवारी... स्टँडवर घ्यायला येशील का मला?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. रागातच होतो. त्या थांबल्या आणि मग तोच प्रश्न त्यांनी मला परत विचारला.